दीड दिवसाचा डीबगर

प्रोग्राममधली चूक सापडत नाही म्हणून एडिटरमध्ये डीबगर बसवायला घेतलेला माणूस चार दिवसांनी जिन्यात भेटला, तर त्याला चुकीबद्दल काही विचारू नये. ती आता गौण झालेली असते. "काय, सापडलं का?" असं आपण सहज विचारतो आणि तो उजळलेल्या चेहऱ्याने सांगतो, "अरे, ॲडॅप्टर कनेक्ट व्हायला लागला!" आपण "वा!" म्हणावं आणि चहाला निघावं.

डीबगर म्हणजे काय, ते या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. धंद्यातल्यांनी हा परिच्छेद एफ१० दाबून ओलांडावा. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा, त्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते पाहायचं, मग एकेक ओळ पुढे सरकायचं, हे सगळं करू देणारं हे साधन. थांबायचं त्या ओळीच्या डाव्या समासात क्लिक केलं की लाल ठिपका उमटतो. त्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. प्रोग्राम ठिपक्यापाशी आला की थांबतो. निदान तसं ठरलेलं असतं.

आता हे साधन एडिटरबाहेरही उत्तम चालतं. जीडीबी गेली कित्येक वर्षं टर्मिनलमध्ये निमूट बसून आहे. पायथॉनबरोबर पीडीबी आयता मिळतो, आणि २०१८ साली आलेल्या ३.७ आवृत्तीपासून तर कोडमध्ये 'ब्रेकपॉइंट' एवढा शब्द आणि पुढे दोन कंस लिहिले की काम भागतं. पण काम भागण्यावर समाधान मानेल तो प्रोग्रॅमर कसला? त्याला सगळं आपल्या एडिटरमध्येच हवं. जिथे चूक केली तिथेच ती सापडली पाहिजे, आणि तीसुद्धा आपण निवडलेल्या रंगसंगतीत.

या हट्टाचा इतिहास विमवाल्यांकडून ऐकावा. विम हा एडिटर ब्राम मूलेनार या डच गृहस्थांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवला. त्याच्या मदतपुस्तिकेत 'विम काय नाही' असाही एक भाग आहे. आपण काय नाही हे लिहून ठेवणारं सॉफ्टवेअर विरळाच. तिथे बरीच वर्षं स्वच्छ लिहिलेलं होतं की विमच्या पोटात शेल चालवता येणार नाही आणि विममधून डीबगरही हाकता येणार नाही. विमवाल्यांनी हे मनावर घेतलं नाही, कारण मदतपुस्तिका वाचा असं ते दुसऱ्यांना सांगतात. नाना प्लगिनं झाली, नाना पॅच निघाले. शेवटी मे २०१८ मध्ये ८.१ आवृत्ती आली. तिच्यात टर्मिनल होतं, वर टर्मडीबग नावाचं डीबगर हाकणारं प्लगिनही सोबतच होतं. आणि पुस्तिकेतलं ते वाक्य? तिथे आता शेल किंवा डीबगर चालवण्यासाठी टर्मिनल मिळेल असं नम्रपणे लिहिलं आहे. राजकारणात याला भूमिकेची फेरमांडणी म्हणतात, विममध्ये आवृत्ती ८.१.

हे ऐकून ईमॅक्सवाले फक्त भुवई उंचावतात. जीएनयू ईमॅक्स १९८५ चा, जीडीबी १९८६ चा, आणि दोघांचे कर्ते एकच, रिचर्ड स्टॉलमन. त्यामुळे त्या दोघांचं आतून पहिल्यापासून संगनमत. ईमॅक्सवाल्याशी या विषयावर वाद घालू नये. तो जिंकतो, आणि जिंकल्यावर आपल्याला ईमॅक्स दाखवत बसतो.

त्याच्याही मागे गेलं तर १९६० च्या सुमारास एमआयटीतल्या टीएक्स-० या यंत्रासाठी एक डीबगर लिहिला होता. त्याचं नाव फ्लिट. नंतर पीडीपी-१ साठी जो आला त्याचं नाव डीडीटी. दोन्ही नावं किडे मारायच्या औषधांची. ज्यांच्या घरी कोनाड्यात फ्लिटचा पंप असे आणि ज्यांच्या आळीत डीडीटी फवारायला माणसं येत, त्या पिढीला डीबगर काय करतो हे समजावण्यात फार वेळ गेला नसता.

व्हीएस कोड हा एडिटर २०१५ साली आला आणि त्याने एफ५ दाबलं की डीबगर चालू, अशी एक अफवा पसरवली. एफ५ दाबलं की प्रत्यक्षात पुष्कळदा आधी एक प्रश्न येतो आणि मागोमाग लाँच डॉट जेसन नावाची फाईल. या फाईलमध्ये पहिलाच पेच असतो तो 'लाँच' की 'ॲटॅच' हा. लाँच म्हणजे प्रोग्राम तुम्ही सुरू करणार, ॲटॅच म्हणजे आधीच धावणाऱ्या प्रोग्रामला जाऊन चिकटणार. पुढे पोर्ट. पायथॉनच्या उदाहरणांत तो बहुधा ५६७८ असतो आणि नोडचा ९२२९. फाईल कशी लिहावी हे आजकाल एआयला विचारतात. तो क्षणात लिहून देतो, अतिशय आत्मविश्वासाने, आणि 'टाइप'च्या पुढे 'पायथॉन' घालतो. तो शब्द मध्यंतरी मोडीत निघाला आणि त्या जागी 'डीबगपाय' आला. एडिटर त्या शब्दाखाली नागमोडी रेघ मारतो. आपण रेघेकडे पाहतो, एआयकडे पाहतो. एआय दिलगिरी व्यक्त करतो आणि तीच फाईल पुन्हा देतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक खरोखर चांगली कल्पना आहे, तिला नावं ठेवणार नाही. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेच्या डीबगरशी स्वतंत्र बोलणी करावी लागत. मायक्रोसॉफ्टने मध्ये एक ठरलेली बोली आणली, डीबग ॲडॅप्टर प्रोटोकॉल. एडिटरने ती एकदा शिकायची, डीबगरच्या बाजूला एक ॲडॅप्टर बसवायचा, की कोणीही कोणाशी बोलू शकतं. म्हणूनच आज निओविमसारख्या टर्मिनलमधल्या एडिटरातही लाल ठिपका दिसू शकतो. खुद्द जीडीबीसुद्धा डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून ही बोली थेट बोलतो.

त्यांचं संभाषण मात्र एकदा लपून ऐकण्यासारखं असतं. एडिटर पहिला निरोप धाडतो 'इनिशियलाइझ'. त्यातच कळवलेलं असतं, आपण ओळी शून्यापासून मोजतो की एकपासून. इतकी वर्षं कॉम्प्युटर वापरून दोन प्रोग्राम भेटले की अजून आधी हे ठरवून घ्यावं लागतं. समोरून ॲडॅप्टर आपल्याला काय काय येतं याची यादी देतो. पण इनिशियलाइझला उत्तर आलं म्हणजे इनिशियलाइझ झालं असं समजू नये. 'इनिशियलाइझ्ड' असा वेगळा निरोप यथावकाश येतो. तो आला की मगच ठिपके पाठवायचे. ॲडॅप्टर प्रत्येक ठिपक्यावर शेरा मारतो, मंजूर किंवा नामंजूर. कधीकधी 'मंजूर, पण बाराव्या ओळीवर नाही, चौदाव्या', कारण बाराव्या ओळीवर नुसती टिप्पणी लिहिलेली असते. नामंजूर ठिपका व्हीएस कोडमध्ये करडा, पोकळ होतो. निओविमच्या प्लगिनमध्ये मुळात ठिपकाच नसतो, समासात 'बी' अक्षर येतं आणि नाकारलं गेलं की त्याचं 'आर' होतं. हे अक्षर काढून तिथे लाल गोळा आणायचा, त्यासाठी योग्य फाँट शोधायचा, तो टर्मिनलमध्ये बसवायचा, गोळा अर्धा कापला जातो म्हणून ओळींमधलं अंतर वाढवायचं, यात एक संपूर्ण शनिवार जातो. डीबगर अजून चालू झालेला नसतो, पण गोळा सुरेख दिसतो.

ठिपका नामंजूर होण्याची कारणं साधी असतात आणि म्हणूनच सुचत नाहीत. प्रोग्राम डॉकरच्या कंटेनरमध्ये चालतोय. तिथे फाईलचा पत्ता 'ॲप' या फोल्डरपासून सुरू होतो, आपल्या लॅपटॉपवर तीच फाईल 'होम'मधल्या सहा फोल्डरांच्या आत. एकाच फाईलचे दोन पत्ते. डीबगर इमानदारीने दुसऱ्या पत्त्यावर जातो, तिथे कोणी राहत नाही, तो परत येतो. अमुक पत्ता म्हणजेच तमुक पत्ता असं कॉन्फिगमध्ये लिहून द्यावं लागतं. किंवा डीबगपाय एका पायथॉनमध्ये बसवलेला आणि प्रोग्राम धावतोय भलत्याच पायथॉनवर. निओविमच्या पायथॉन प्लगिनची माहितीपत्रिका तर डीबगपायसाठी एक स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच करा म्हणते. एका लॅपटॉपवर किती पायथॉन नांदतात हे मोजायला बसू नये, मोजेपर्यंत एक वाढतो.

मग येतो परवानगीचा प्रश्न. उबुंटूने २०१० पासून एक नियम केला आहे: धावत्या प्रोग्रामच्या आत डोकावण्याचा हक्क फक्त त्याला जन्म देणाऱ्याला. म्हणजे लाँच केलेला चालेल, पण बाहेरून जाऊन ॲटॅच व्हायला गेलात तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. नियम सुरक्षेसाठी रास्तच आहे. त्याची किल्ली पीट्रेस-स्कोप नावाच्या एका चिमुकल्या फाईलमध्ये असते, तिच्यात १ लिहिलेला असतो. तो ० करायचा, एवढंच. पण कंपनीच्या लॅपटॉपवर हा एकाचा शून्य करण्याचा अधिकार आपल्याला नसतो. तो आयटी सपोर्टला असतो. एका परिचिताचं त्यांच्याशी झालेलं बोलणं मी शेजारच्या खुर्चीवरून ऐकलं आहे.

"तिकीट टाकलंत का सर?"

"टाकलं की. परवाच."

"त्यात बिझनेस जस्टिफिकेशन रिकामं आहे."

"अहो, प्रोग्राम मध्येच अडकतो. का अडकतो ते आत जाऊन बघायचंय."

"पण आत जायची गरज का पडतेय?"

याला उत्तर नव्हतं. प्रश्न तसा मूलगामी होता. शेवटी त्या सज्जनाने दुरून लॅपटॉपचा ताबा घेतला, एकाचा शून्य केला आणि प्रेमाने म्हणाला, "झालं सर. आता एकदा रीस्टार्ट करून घ्या." परिचिताने रीस्टार्ट केला. त्या फाईलमध्ये हाताने लिहिलेला शून्य रीस्टार्टनंतर पुन्हा एक होतो. नवं तिकीट टाकावं लागलं आणि जुनं 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून मोजलं गेलं.

एवढं करून हा उद्योग माणसं का करतात, याचं माझ्यापुरतं उत्तर असं आहे की मूळ चूक आपली असते, सेटिंग मात्र दुसऱ्याचं असतं. आपल्या कोडशी भांडताना पदोपदी आपण किती बेफिकीर आहोत ते दिसतं. दुसऱ्याच्या प्लगिनशी भांडताना असं काही नसतं, तिथे आपण फिर्यादी. शिवाय त्यात यश दिसतं. काल कनेक्ट होत नव्हता, आज कनेक्ट होऊन लगेच तुटतो, ही प्रगती रोजच्या मीटिंगमध्ये तोंड वर करून सांगता येते.

बरं, चालू झाला समजा. मग खिडक्या उघडतात. एकीत व्हेरिएबल, दुसरीत कोणी कोणाला हाक मारली त्याची उतरंड, तिसरीत लक्ष ठेवायच्या गोष्टी, चौथीत ठिपक्यांची यादी, खाली आज्ञा द्यायची जागा आणि शेजारी प्रोग्राम जे छापेल ते. चौदा इंची पडद्यावर हे सगळं मांडून झालं की ज्याच्यासाठी मांडलं त्या कोडला मधोमध सहा-सात ओळींची पट्टी उरते. आता एफ१० दाबायचं. गेली दहा वर्षं 'माझा हात कीबोर्डच्या मधल्या रांगेवरून हलत नाही' असं छातीठोकपणे सांगणारा विमवाला इथे मान वाकडी करून सर्वांत वरची रांग शोधतो. ग्नोम टर्मिनलमध्ये एफ१० दाबलं की टर्मिनलचा मेनू उघडतो. एफ११ दाबलं की खिडकी पूर्ण पडदाभर होते. मॅकवर त्याच बटणाने सगळ्या खिडक्या बाजूला पळतात आणि मुलांच्या फोटोचा वॉलपेपर समोर येतो. फंक्शनच्या आत शिरायचं होतं, घरी पोचलो.

पण हे सगळं जमलं आणि प्रोग्राम त्या ठिपक्यावर खरोखर थांबला, तर ती गोष्ट बघण्यासारखी असते, आणि आत जे घडतं ते तर त्याहून. आपल्या साध्या इंटेल यंत्रावरचा सी भाषेतला प्रोग्राम घ्या. ठिपका ठेवला की डीबगर त्या ओळीच्या जागी मेमरीत जातो, तिथल्या सूचनेचा पहिला बाइट उचलून स्वतःच्या खिशात ठेवतो आणि त्या जागी सीसी हा बाइट लिहितो, दशमान पद्धतीत २०४. प्रोसेसर पळत येतो, त्या बाइटला ठेचकाळतो आणि थांबतो. कर्नल डीबगरला कळवतो, डीबगर ॲडॅप्टरला, ॲडॅप्टर एडिटरला, आणि एडिटर ती ओळ पिवळी करतो. आपण 'पुढे चल' म्हटलं की डीबगर खिशातला मूळ बाइट परत जागेवर ठेवतो, प्रोसेसरला मोजून एक पाऊल टाकू देतो, आणि तो पुढे सरकताच मागे पुन्हा सीसी पेरून ठेवतो, पुढच्या फेरीसाठी. प्रोग्रामला यातलं काही कळत नाही. तो आपला समजतो की मी एका दमात धावलो. इतकं सफाईदार काम पाहिल्यावर वाटतं, की ज्याने हे केलं त्यानेच तो जेसनचा प्रकारही केला असता तर!

थांबल्यावर दिसतं काय, हा पुढचा भाग. कंपायलरने गती वाढवण्यासाठी कोड पिळून काढलेला असला तर जे नेमकं व्हेरिएबल पाहायचं त्याच्यापुढे 'ऑप्टिमाइझ्ड आउट' असं लिहून येतं. बाकीची अगदी स्वच्छ दिसतात. पायथॉनवाल्यांकडे 'जस्ट माय कोड' नावाची एक सोय मुळातच चालू असते. तिच्यामुळे डीबगर लायब्रऱ्यांच्या आत जात नाही, फक्त तुम्ही लिहिलेल्या ओळींवर थांबतो. चूक तिथेच असणार, हे डीबगर लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेलं आहे. नव्या मुलांना याचा राग येतो आणि ती ही सोय बंद करतात. मग एफ११ दाबत दाबत जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती लायब्ररीच्या पोटात तारखा कशा वाचतात ते बघत बसतात. चूक अर्थातच स्वतःच्या ओळीत असते.

वेबवाल्यांना तर निवांत बघायचीही सोय नाही. गनिकॉर्न नावाचा सर्व्हर आपल्या कामगाराने तीस सेकंद हूं की चूं केलं नाही की तो मेला असं समजून त्याला खरंच मारतो आणि दुसरा उभा करतो. ब्रेकपॉइंटवर थांबलेला कामगार काय बोलणार? म्हणजे ठिपक्यावर पोचून, खिडक्या चाळून, व्हेरिएबल उलगडून 'अच्छा, इथे रिकामी यादी येतेय होय' असं म्हणायला तुमच्याकडे अर्धा मिनिट. ज्यांना ही मुदत कॉन्फिगमध्ये वाढवता येते हे माहीत नसतं त्यांचं वाचन फार जलद होतं.

आणि इतक्या कष्टाने बसलेला डीबगर टिकतो किती? निओविमची प्लगिनं बरेच जण थेट गिटहबवरून ताज्या अवस्थेत ओढतात. सोमवारी प्रतिष्ठापना होते, सगळ्यांना दर्शनाला बोलावतात, स्क्रीनशॉट ग्रुपवर जातो, वर अंगठे येतात. मंगळवारी दुपारी कोणीतरी सहज 'अपडेट' म्हणतं. दीड दिवस. आमच्याकडचे काही धार्मिक वृत्तीचे लोक म्हणूनच वर्षभर काही अपडेट करत नाहीत. त्यांच्या कॉन्फिगमध्ये एखाद्या ओळीच्या वर टिप्पणी असते, 'ही का लागते माहीत नाही. काढू नये.' ती काढण्याची हिंमत नव्या आर्किटेक्टलाही झालेली नाही.

दुसऱ्या बाजूला प्रिंटवाले. त्यांना डीबगर नको, ठिपका नको. कोडमध्ये जागोजागी छापायच्या ओळी घालायच्या आणि काय छापून येतं ते बघायचं. त्यांची बाजू लंगडी नाही. युनिक्सच्या घरातले ब्रायन कर्निगन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस नवशिक्यांसाठी लिहिताना नीट विचार करणं आणि मोक्याच्या जागी छापणं यालाच पहिला मान दिला होता. लिनस टोरवाल्ड्स यांनी तर २००० साली आपल्याला डीबगर आवडत नाहीत असं जाहीर करून लिनक्सच्या कर्नलमध्ये डीबगर घ्यायला नकार दिला, आणि केजीडीबी हा डीबगर आत यायला २००८ उजाडलं. प्रिंटवाले हे दोन दाखले खिशात घेऊनच हिंडतात. मी स्वतः मात्र दुसऱ्याचा आठ वर्षांचा कोड वाचायचा असेल आणि तो लिहिणारा कॅनडात स्थायिक झाला असेल, तर डीबगरच घेतो. कोणी कोणाला बोलावलं याची उतरंड समोर दिसते, छापून ती दिसत नाही. अर्थात डीबगर बसत नसेल तेव्हा तो का बसत नाही हे कळायला डीबगर नसतो. तेव्हा डीबगपायला सांगायचं की तू काय करतोस ते फाईलमध्ये लिहीत जा, आणि ती फाईल वाचत बसायची. म्हणजे तिथेही प्रिंटच. हे प्रिंटवाल्यांना कळू देऊ नये.

प्रिंटवाल्यांचा एकच दोष, ते घातलेल्या ओळी काढायला विसरतात. ओळींची भाषाही घरगुती असते. पहिली 'इथे आलो', मग 'इथेपण आलो', मग 'इथे आलो २', आणि रात्री नवाच्या पुढे 'इथे कसा काय आलो'. अशा ओळी एका प्रकल्पात थेट परदेशी ग्राहकाच्या सर्व्हरपर्यंत पोचल्या होत्या. ग्राहक जर्मन, शिस्तीचा. लॉग वाचणारा. त्याने पत्र पाठवलं की 'इथे आलो' या मॉड्यूलची कागदपत्रं मिळाली नाहीत, आणि 'इथे आलो २' ही त्याची पुढची आवृत्ती असेल तर आम्हाला न कळवता बदल का केला? आमच्या मॅनेजरबाईंनी मिनिटभर विचार केला आणि उत्तर लिहिलं: आवृत्ती २ सध्या चाचणी अवस्थेत आहे, पुढच्या तिमाहीत दोन्ही बंद करण्यात येतील. ग्राहकाने आभार मानले आणि विचारलं, त्यांच्या जागी काय येणार?